बॅटरीची गाडी आणि उघडी हनुवटी

दुचाकी वाहनांच्या भारतीय इतिहासात अहमदनगरचे, म्हणजे २०२४ पासून सरकारदप्तरी अहिल्यानगर म्हणून नोंदल्या जाणाऱ्या जिल्ह्याचे, नाव आदराने घ्यावे लागते. कायनेटिक इंजिनियरिंगची लूना १९७२ साली बाजारात आली आणि पन्नास सी.सी.चे चिमुकले यंत्र, सायकलीची पायडले व गिअर बदलण्याच्या खटाटोपातून संपूर्ण सुटका, एवढ्याच भांडवलावर तिने शाळामास्तरांना, दूधवाल्यांना, टपाल वाटणाऱ्यांना आणि नोकरीसाठी प्रथमच उंबरठा ओलांडणाऱ्या स्त्रियांना स्वतःच्या वाहनाचे स्वातंत्र्य मिळवून दिले. तिच्या निर्मितीशी ज्या नगरचे नाव जोडले गेले, त्याच नगर जिल्ह्यात आज तिची विजेवर चालणारी पुढची पिढी घडते आहे. कायनेटिक ग्रीन या कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये आणलेल्या ई-लूनाचा कमाल वेग ताशी ५० किलोमीटर असून तिची चाके १६ इंचांची आहेत. चाकांच्या या मापाकडे वाचकाने थोडे लक्ष ठेवावे, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

सावेडीपासून भिंगारपर्यंत आणि संगमनेरपासून जामखेडपर्यंत विजेची दुचाकी आता कुतूहलाचा विषय राहिलेली नाही. लोक तिला 'बॅटरीची गाडी' किंवा 'चार्जिंगची गाडी' म्हणतात, रात्री पडवीतल्या सॉकेटला लावतात आणि सकाळी तीवरून शाळेत, बँकेत, डेअरीत व बाजाराला जातात. पेट्रोलचा खर्च वाचतो, धूर होत नाही, आवाज होत नाही, आणि ज्या घरात पूर्वी एकट्या कर्त्या पुरुषाकडेच वाहन असे त्या घरातील सून आणि शाळकरी मुलगीही आता कोणावर अवलंबून राहत नाही. या वाहनाचे मी मनापासून स्वागत करतो. परंतु त्याच्या स्वागताबरोबर एक समज आपल्या समाजात नकळत रुजला आहे, तो असा की ही गाडी हळू, हलकी आणि घरगुती असल्यामुळे तीवरून पडणे म्हणजे फार तर गुडघे खरचटणे. आणि या समजाची किंमत शरीराच्या ज्या भागाला प्रथम मोजावी लागते, तो भाग म्हणजे माणसाचा चेहरा, त्याचा जबडा आणि त्याचे दात.

हा समज केवळ अज्ञानातून आलेला नाही, त्याला कायद्याचाही आधार मिळाला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील व्याख्येप्रमाणे ज्या बॅटरी-वाहनाच्या मोटारीची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळता वजन ६० किलोच्या आत असते, ते विहित चाचणी-संस्थेच्या मान्यतेनंतर 'मोटार वाहन' या संज्ञेत मोडत नाही. साहजिकच त्याला पासिंग नाही, एम.एच. १६ किंवा एम.एच. १७ अशी पाटी नाही, चालवणाऱ्याला लायसन नाही, सक्तीचा विमा नाही आणि हेल्मेटचे बंधनही नाही. त्याहून वेगवान अशा प्रत्येक विजेच्या दुचाकीला मात्र १९८८ चा मोटार वाहन कायदा पेट्रोलच्या गाडीइतकाच लागू आहे. तिची पाटी हिरवी असते, आणि कलम १२९ अन्वये चालकाने व मागे बसणाऱ्याने, चार वर्षांवरील मुलानेसुद्धा, प्रमाणित शिरस्त्राण घातलेच पाहिजे. व्यवहारात या दोन वर्गांतील सीमा पुसट झाली आहे. हळू गाडी म्हणून विकलेल्या वाहनात फेरफार करून त्याचा वेग वाढवण्याचे प्रकार इतके बोकाळले होते की २०२२ साली राज्याच्या परिवहन आयुक्तालयाला अशा गाड्यांविरुद्ध मोहीम उघडावी लागली. परिणामी, जिला पाटी नाही आणि जी तरीही ताशी चाळीसच्या वेगाने धावते अशी गाडी चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती दिसली, तर ती कायद्याच्या कोणत्या रकान्यात बसते याचा विचार करायला रस्त्यावर कोणी थांबत नाही.

पण जो वेग कायद्याने निरुपद्रवी ठरवला आहे त्याचाच प्रथम हिशेब करू. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ७ मीटर. कोणतीही वस्तू अडीच मीटर, म्हणजे जवळपास आठ फूट, उंचीवरून खाली पडली की जमिनीला टेकताना तिचा वेग एवढाच असतो. पारनेर-कर्जतकडील जुन्या घराच्या माळवदावरून एखादा माणूस तोंडावर खाली यावा, तसा हा आघात. वेग दुप्पट झाला की ही उंची चौपट होते, म्हणून ताशी ५० किलोमीटरला ती दहा मीटरांच्या घरात जाते. गाडी घसरत गेली तर या वेगाचा बराच भाग रस्त्याच्या घर्षणात खर्ची पडतो आणि माणूस कातडी सोलून घेऊन वाचतो हे खरे. परंतु वाटेत दुभाजकाची कड, मैलाचा दगड किंवा उभ्या ट्रॉलीचा लोखंडी पाटा आला, तर सगळा हिशेब एका क्षणात आणि एकाच हाडावर चुकता होतो.

ते हाड बहुधा चेहऱ्याचेच का असावे, याचे उत्तर स्कूटरच्या घडणीत आहे. मोटारसायकलस्वाराच्या दोन गुडघ्यांमध्ये पेट्रोलची टाकी असते, तिला त्याची पकड असते. स्कूटरवर मात्र मनुष्य खुर्चीवर बसल्याप्रमाणे पाय पुढच्या फळीवर ठेवून बसलेला असतो आणि पुढचे चाक अडले की त्याला अडवून धरणारे समोर काहीच नसते. तो बैठकीवरून पुढे सरकतो, हँडलवरून झेपावतो, आणि भीतीने हातांची मूठ अधिकच आवळली जात असल्यामुळे ते हात तोंडाच्या रक्षणासाठी पुढे येण्याऐवजी हँडललाच चिकटून राहतात. हनुवटी पहिल्याने जमिनीला लागते. त्यात विजेच्या मोटारीचा स्वभाव असा की ती थांबलेल्या अवस्थेपासूनच आपला पूर्ण जोर देते. नवशिक्याच्या हातून घाबरून मूठ पिळली गेली तर गाडी सावकाश न उचलता एकदम उसळते. शिवाय पुष्कळशा विजेच्या स्कूटरांची चाके १० किंवा १२ इंचांची असतात, आणि ज्या खड्ड्यावरून मोठे चाक धक्का देऊन निघून जाते त्याच खड्ड्यात लहान चाक पुरते उतरते व अडकते. या दृष्टीने १६ इंचांच्या चाकांची निवड मला शहाणपणाची वाटते.

आणि खड्ड्यांविषयी नगरकराला काय सांगावे! राहुरी, कोल्हार, शिर्डी, कोपरगाव यांना जोडणाऱ्या नगर-मनमाड मार्गाच्या दुर्दशेवर आजवर जेवढी निवेदने, उपोषणे आणि रास्ता रोको झाले, त्यांचे कागद एकत्र बांधले तर एक स्वतंत्र दप्तर होईल. या जिल्ह्याच्या रस्त्यांना आणखी एक ऋतू असतो, तो गळीत हंगामाचा. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांची धुराडी पेटली की उसाने शिगोशीग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि बैलांच्या टायरगाड्या रात्री-बेरात्री रस्त्यावर येतात. कित्येक ट्रॉल्यांच्या मागे लाल दिवा नसतो, परावर्तकाची पट्टी चिखलाने माखलेली असते, आणि शेतातून डांबरावर चढताना चाकांबरोबर आलेली काळी माती दवाने भिजून साबणासारखी निसरडी होते. पहाटे दूध घालायला निघालेल्या माणसाची हलक्या दिव्याची, लहान चाकाची, बिनआवाजाची गाडी या रस्त्यावर येते, तेव्हा तिची चाहूल ना ट्रॅक्टरवाल्याला लागते ना रस्त्यावर पसरलेल्या कुत्र्यांना.

अपघात झाला, माणूस उठून बसला, हनुवटीखाली इंचभराची जखम आहे, रक्त वाहते आहे. जवळच्या डॉक्टरांकडे दोन-तीन टाके घालतात, धनुर्वाताची सुई देतात आणि घरी पाठवतात. सगळ्यांना वाटते, थोडक्यात निभावले. परंतु खालचा जबडा हे एकसंध कमानदार हाड असून त्याची दोन टोके कानांच्या पुढे कवटीशी सांधलेली असतात, त्यामुळे हनुवटीवर बसलेला तडाखा हाडातून प्रवास करीत त्या टोकांशी पोचतो आणि हाड मोडते ते तेथे, जखमेपासून चार-पाच इंच दूर. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून हनुवटीवर पडलेल्या प्रत्येक माणसाला एक साधा प्रश्न विचारावा: दात पूर्वीसारखे जुळतात का? माणसाला स्वतःच्या दातांची ठेवण इतकी सूक्ष्मपणे ठाऊक असते की केसाएवढा फरकही त्याला तत्क्षणी जाणवतो. दाढा आधी टेकत असतील, पुढचे दात उघडे राहत असतील, तोंड उघडताना जबडा एका बाजूला जात असेल, कानापुढे दुखत असेल किंवा खालचा ओठ बधिर झाला असेल, तर जबडा मोडला आहे असे समजून चालावे. गालाचे हाड दबले असेल तर सुजेमुळे ते दोन-तीन दिवस लपून राहते. डोळ्याला एकाचे दोन दिसू लागतात तेव्हा कोठे शंका येते. चेहऱ्याचा मधला भाग कोणत्या रेषांवर फुटतो याचा शोध रने ल फोर या फ्रेंच शल्यविशारदाने मृतदेहांवर प्रयोग करून १९०१ साली प्रसिद्ध केला, आणि त्याने सांगितलेल्या तीन रेषांच्या नावानेच आजही जगभरचे डॉक्टर या अस्थिभंगांचे वर्णन करतात.

लहान मुलांच्या बाबतीत तर हे दुर्लक्ष फारच दुःखद ठरते. सांध्याजवळ हाड मोडून तेथे रक्त साकळले आणि वेळेवर उपचार व तोंड उघडण्याचा नियमित व्यायाम झाला नाही, तर काही मुलांमध्ये तो सांधा हळूहळू हाडाने जखडतो. पडल्याची आठवण घरच्यांना राहत नाही. एवढेच लक्षात येते की मूल घास लहान घेते आहे, मग भाकरी कुसकरून मागते आहे, आणि दोन-तीन वर्षांनी त्याच्या दातांमध्ये एक बोटही शिरत नाही. हनुवटीची वाढ खुंटते, चेहरा एका बाजूला झुकतो. एका दुपारी केलेल्या क्ष-किरण तपासणीने जे टळले असते, त्यासाठी पुढे मोठी शस्त्रक्रिया करावी लागते.

मोठ्यांच्या मोडलेल्या जबड्यावर उपचार होतो तो एकतर टायटॅनियमच्या पातळ पट्ट्या व स्क्रू बसवून, अथवा वरच्या व खालच्या दातांना धातूच्या कमानी बांधून आणि त्या कमानी तारेने एकमेकींशी आवळून. तारा बांधलेल्या रोग्याचे जीवन जवळून पाहिले म्हणजे या दुखापतीचे खरे स्वरूप कळते. कित्येक आठवडे त्याचे तोंड बंद असते. पेज, ताक, आमटीचे निवळ पाणी आणि फळांचा रस दाढांमागच्या फटीतून नळीने ओढून घ्यायचे, बोलायचे ते दातांआडून, आणि उशाशी तारा कापण्याची एक लहान पकड सदैव ठेवायची, कारण रात्री उलटी झाली तर त्या तारा ताबडतोब तोडल्याशिवाय श्वास मोकळा होणार नाही. ती पकड कोठे ठेवली आहे आणि कोणती तार प्रथम कापायची, हे घरातल्या एका माणसाला शिकवून मगच रोग्याला घरी सोडतात.

आता दातांविषयी, आणि येथे मी मुद्दाम अधिक रेंगाळणार आहे, कारण या एका बाबतीत रुग्णालयापेक्षा रस्त्यावर उभा असलेला सामान्य माणूस अधिक उपयोगी पडू शकतो. पुढचा कायमचा दात मुळासकट निखळून मातीत पडला, तर तो मेला असे समजून आपण त्याचा नाद सोडतो. वास्तविक तो काही काळ जिवंत असतो. तो हातात घेऊन पाहावा: वरचा चकचकीत पांढरा भाग, आणि खाली निमुळते पिवळसर मूळ, ज्याला ओलसर, लालसर, पापुद्र्यासारखे काहीतरी चिकटलेले असते. तो पापुद्राच दाताचा प्राण आहे. त्यातील पेशी दाताला पुन्हा हाडाशी बांधतात, आणि त्या कोरड्या पडल्या किंवा घासल्या गेल्या की मरतात. म्हणून दात उचलायचा तो पांढऱ्या भागाला धरून, मुळाला बोट न लावता. माती लागली असेल तर दुधाने किंवा सलाइनने, तेही नसेल तर स्वच्छ पाण्याने क्षणभर धुवायचा. घासायचा नाही, पुसायचा नाही, रुमालात गुंडाळायचा नाही. माणूस शुद्धीवर असेल तर तो दात त्याच्याच खळग्यात, शेजारच्या दातांच्या रांगेत, हळूच बसवून त्याला स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगायचे. हे धैर्य होत नसेल तर दात थंड दुधात बुडवायचा आणि दंतवैद्याकडे धाव घ्यायची. पहिली पाच-दहा मिनिटे सोन्याची; तासभर कोरडा राहिलेला दात बसवता येतो, पण त्या पेशी बहुधा मेलेल्या असतात आणि पुढे मूळ झिजत जाते. दंतवैद्य तो दात शेजारच्या दातांना लवचिक तारेने सुमारे दोन आठवडे बांधून ठेवतो आणि प्रौढ दाताची नस त्याच मुदतीत स्वच्छ करतो. लहान मुलाचा दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो, कारण त्याने हिरडीत वाढणाऱ्या कायमच्या दाताला इजा पोचते.

ज्या जिल्ह्यात गावोगाव दूध संकलन केंद्रे आहेत आणि प्रत्येक फाट्यावर चहाची टपरी आहे, तेथे अपघातस्थळी पेलाभर दूध मिळू नये असे होत नाही. मिळत नाही ते हे एवढेसे ज्ञान, आणि ते प्राथमिक शाळेच्या भिंतीवर रंगवून ठेवण्याजोगे आहे. तुटलेला तुकडाही टाकू नये, तो पुष्कळदा परत चिकटवता येतो. तुकडा सापडलाच नाही तर तो कोठे गेला याचा छडा लावावा लागतो: कधी तो फाटलेल्या ओठात रुतून बसलेला असतो आणि वर टाके पडतात, तर कधी श्वासाबरोबर फुप्फुसात उतरलेला असतो.

बेशुद्ध माणसाच्या बाबतीत दातांचा विचार नंतर. चेहरा फुटलेल्या बेशुद्ध माणसाला उताणे झोपवले की रक्त आणि मागे पडलेली जीभ श्वास अडवतात. डोके, मान आणि धड एका रेषेत सांभाळून त्याला कुशीवर वळवावे, पाणी पाजू नये आणि १०८ ला फोन करावा. मोडलेल्या जबड्याच्या उपचाराबाबत आपला जिल्हा इतर पुष्कळ जिल्ह्यांहून भाग्यवान आहे. लोणीला प्रवरेचे ग्रामीण दंत महाविद्यालय आणि संगमनेरजवळ घुलेवाडीला एस.एम.बी.टी. दंत महाविद्यालय, अशी दोन दंत महाविद्यालये येथे ग्रामीण भागातच उभी आहेत, आणि दंत महाविद्यालय म्हटले की मुख व जबड्याच्या शस्त्रक्रियेचा विभाग आलाच. तरीही टाके घालून घरी गेलेला माणूस तेथपर्यंत पोचतच नाही, कारण मोडलेल्या जबड्यासाठी दातांच्या डॉक्टरकडे जायचे असते हेच त्याला कोणी सांगितलेले नसते.

चेहऱ्याची दुरुस्ती ही विद्या आपल्या भूमीला परकी नाही. १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा टिपूच्या सैनिकांच्या हाती सापडला व त्याचे नाक कापले गेले. पुण्याजवळच्या एका देशी वैद्याने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले, आणि त्याचा सचित्र वृत्तांत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापला गेला, तो वाचून इंग्लंडात कार्प्यू नावाच्या शल्यवैद्याने १८१४ साली तोच प्रयोग केला. नाकाविना जगणे म्हणजे काय, हे ज्या समाजाला ठाऊक होते त्याने ही विद्या कमावली. पुढचे चार दात गेलेल्या तरुणीला किंवा वाकडा जबडा घेऊन मुलाखतीला जाणाऱ्या मुलाला आजही ते कळते.

हेल्मेटची गोष्ट येथे टाळता येत नाही. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, आणि हेल्मेट न घालता मेलेल्यांची संख्या ५०,०२९ होती. अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये उभ्याने चालवायच्या विजेच्या स्कूटरांवरून जखमी होऊन आलेल्या २४९ रुग्णांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांतील चाळीस टक्क्यांना डोक्याची इजा होती आणि हेल्मेट घातल्याची नोंद अवघ्या दहाजणांची होती. पॅरिसने तर जनमत घेऊन १ सप्टेंबर २०२३ पासून भाड्याच्या स्कूटरच रस्त्यावरून काढून टाकल्या. आपल्याला तसे करण्याची गरज नाही. मात्र आपण जे हेल्मेट घालतो ते नीट पाहण्याची गरज आहे. बाजारात सर्वांत अधिक खपते ते अर्धे, टोपीसारखे, कानांवर संपणारे. ते कवटी वाचवते, पण हनुवटी, ओठ, दात आणि गाल यांना त्याचा काडीचा उपयोग नाही. हनुवटीपुढे भक्कम कडे असलेले, आय.एस. ४१५१ हे मानक व आय.एस.आय. चिन्ह असलेले पूर्ण चेहऱ्याचे हेल्मेट आणि गळ्याखाली घट्ट लावलेला त्याचा पट्टा, एवढेच चेहऱ्याचे रक्षण करू शकते. उन्हाचा जाच मला मान्य आहे, एप्रिलातले नगर मी ओळखून आहे. परंतु त्याच उन्हात आपल्या भगिनी तोंडाभोवती स्कार्फ घट्ट बांधून निघतात, म्हणजे चेहरा झाकण्याची तयारी आहे. आघाताच्या वेळी मात्र कापडाचा थर काहीच अडवत नाही.

कायद्याने एका बाबतीत चेहऱ्याची बूज राखली आहे आणि ते फारच थोड्यांना ठाऊक असते. हाडाचा अथवा दाताचा भंग, तसेच चेहऱ्याला आलेली कायमची विद्रूपता, ही जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३२० मध्ये 'जबर दुखापत' गणली जात असे आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्येही गणली जाते. दुसऱ्याच्या हयगयीने अपघात झाला असेल, तर फिर्याद, पंचनामा व वैद्यकीय दाखला यांत तुटलेल्या प्रत्येक दाताची नोंद झालीच पाहिजे, कारण रस्त्यावरच्या गडबडीत ती राहून गेली तर पुढे नुकसानभरपाईच्या दाव्यात दंतवैद्याची बिले निराधार पडतात. मोटार वाहनाच्या अपघातातील जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडरहित उपचार देणारी योजना केंद्राने मे २०२५ मध्ये अधिसूचित केली आहे. मात्र दातांचे काम सात दिवसांत संपत नाही, ते महिनोन् महिने चालते. आणि ज्या गाडीला कायदा मोटार वाहनच मानत नाही तिने कोणाला धडक दिली, तर तिच्यामागे विमा कंपनी उभी नसते, भरपाई मागायची ती चालवणाऱ्याच्या खिशातून.

पासिंगच्या दुचाकीबरोबर प्रमाणित हेल्मेट पुरवण्याची जबाबदारी केंद्रीय नियमांनी उत्पादकावर टाकली आहे. हळू गाडीला ती लागू नाही, आणि लहान मुले बहुधा त्याच गाडीवर असतात. ही तरतूद तिलाही लागू करावी, दिले जाणारे हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचे असावे, मुलांच्या मापाचे हेल्मेट त्याच दुकानात मिळावे, आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समितीने गळीत हंगामापूर्वी ट्रॉल्यांच्या परावर्तकांची तपासणी करते वेळीच बिनपाटीच्या गाड्यांचा वेगही मोजून घ्यावा, अशी मागणी ग्रामसभांनी ठराव करून जिल्हाधिकारी कचेरीकडे पाठवण्यास आज कोणतीही कायदेशीर अडचण नाही.